जुंपून बघितलेलं मशीन

सूनबाईचं कॉलेज बंद करायचं आमच्या घरात ठरत हुतं, आनि कारण काय, तर धुनं. ऐकून कुनाचंबी डोकं फिरंल. माझं तर आधीच फिरलेलं असतं, असं आमचे मालक म्हणत्यात.

मी भागूबाई. वीस वर्सं उसाच्या फडात कोयता मारला, त्यात उजवं मनगट कामातनं गेलं. पाथर्डीच्या डॉक्टरानं बजावलं, बाई, इथनं पुढं कपडा पिळायचा न्हाई. मग सात मानसांचं धुनं पडलं सुनंच्या, पंकजाच्या अंगावर. ती नर्सिंगच्या दुसऱ्या वर्साला. सकाळी सातच्या एसटीनं जायची, सांजच्याला येऊन हातपंपावर धोपाटत बसायची. परीक्षेत दोन विषय गेले. माझी थोरली जाऊ साळूबाई म्हणाली, शिकून काय दिवं लावायचेत, बसवा घरी. आमचे मालक सूर्यभान गप बसले. त्यांचं गप म्हंजे होकार, हे मला लगीन झाल्यापासून ठाव हाय.

मी दोन बोकड विकले आनि म्हणलं, धुन्याचं मशीन आनायचं.

पन भ्या वाटत हुतं. साळूबाईनं गेल्या वर्सी मशीन आनलं हुतं, बटन दाबलं की समदं आपोआप करनारं. घरी आल्यावर कळलं, त्याला नळ लागतो. आमच्या वस्तीवर नळ कुठला, चौथ्या दिवशी टँकर! आता त्यावर लोकरीचं झाकण आनि पापडाचा डबा असतो. मी तवा पोट धरून हसले हुते. आता माझी पाळी. मी चुकले असते तर बोकडबी गेले असते आनि पंकजाचं कॉलेजबी.

नगरला निघताना मी मळक्या कपड्यांचं गठुडं बांधलं. मालकांचं चिखलाचं धोतर, पोरांच्या चड्ड्या, पंकजाचा पांढरा ड्रेस. एसटीत मालक लाजून दुसऱ्या बाकावर जाऊन बसले. दुकानाच्या पायरीवर मला म्हणाले, शेठ शिकलेला मानूस हाय, तो दावील ते घ्यावं. मी इचारलं, काष्टीच्या बाजारात दलाल दावील तो बैल घेता व्हय तुमी? तिथं तर दात बघता, चालवून बघता, भरल्या गाडीला जुंपता, मग इसार देता. मालकांनी टोपी काढून पुन्यांदा घातली.

शेठनं पयलं दावलं ते गोल काचंच्या दाराचं. अठ्ठावीस हजार. मी इचारलं, बादलीनं पानी वतलं तर चालतं का? त्यानं सांगितलं, नळ पायजे न्हाईतर वर टाकी. मधीच लाइट गेली तर? म्हणाला, दार बंद ऱ्हातं, लाइट आली की उघडतं. म्हंजे आमच्या वस्तीवर माझं लुगडं दिसभर कोंडलेलं. मी पुढं सरकले.

कोपऱ्यात दोन खनांचं एक उभं हुतं. एका खनात धुवायचं, दुसऱ्यात पिळायचं, पानी आपल्या हातानं वतायचं. किंमत निम्म्यापेक्षा कमी. शेठ म्हणाला, मावशी, असलं आता कुनी घेत न्हाई. मी गठुडं सोडलं आनि म्हणलं, चालू करून दावा. तो म्हणाला, दुकानातला माल ओला करत न्हाईत.

"शेठ, जुंपून बघितल्याबगर आमी इसार देत न्हाई. जुंपा."

दुकानातली गिऱ्हाइकं गोळा झाली. चार मानसांसमोर शेठला न्हाई म्हणवंना. त्यानं पान्याच्या बादल्या मागवल्या. मशीन गरगर फिराया लागलं. मधीच मी त्याला बोर्डावरचं बटन बंद कराया लावलं. झाकण उचललं, धोतर भाईर काढलं, परत टाकलं. बटन दाबल्यावर राह्यलं तिथनं सुरू झालं. मग पिळायचं खन. धोतर भाईर आलं ते दुखऱ्या हातानं मी दाबून बघितलं. थेंब गळाला न्हाई. मला रडूच आलं. इतकी वर्सं पिळायचं काम मी मनगटानं केलं हुतं, अन् मशीननं ते पाच मिंटात केलं.

किंमत मोजून पैसे उरले. त्यात पंकजाचा एसटीचा पास काढला.

टँकरच्या दिवशी सात मानसांचं धुनं दीड तासात उरकलं. पांढऱ्या कपड्यांच्या पान्यात मळके धुतले, ऱ्हायलेलं लिंबाच्या झाडाला घातलं. पंकजा तोवर वट्ट्यावर पुस्तक घेऊन बसली हुती. दुसऱ्या टँकराला साळूबाई दारात आली, काखंत गठुडं. मी म्हणलं, ठेव, पन एक हाय. सकाळी पंकजाचा डबा तू भरायचा. तिनं मान डोलावली, आनि खरंच भरला.

पंकजानं ते दोन्ही विषय काढले. निकालाच्या दुसऱ्या दिवशी पांढरा फटक ड्रेस घालून, साळूबाईच्या भाकरीचा डबा घेऊन ती सातच्या गाडीत चढली. माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू. गाडी वळनाआड गेल्यावर मालक माझ्याकडं न बघता बोलले.

"औंदा बैल घ्यायला काष्टीला माझ्यासंगं चल."

"मी न्हाई यायची तुमच्यासंगं," मी म्हणलं. "तुमी या माझ्यासंगं."