रानरेड्याला पावणेचारशे पुरे

ज्या देशात दिवाळीला साधी लवंगी माळ लावता येत नाही, त्या देशात बसून हेमचंद्र टिपणीस आफ्रिकेतला रानरेडा कोणत्या बंदुकीने मारावा याचा अभ्यास करत होता. बरं, अभ्यास करणारा कोण? तर घरात झुरळ निघालं की आधी स्टुलावर चढणारा आणि मग बायकोला हाक मारणारा माणूस. उभ्या आयुष्यात त्याने जत्रेतल्या फुग्यांवरसुद्धा छर्रा मारला नव्हता. पण साहेबांनी सांगितलं होतं, आणि त्या वर्षी साहेबांचं ऐकण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हतं.

साहेब म्हणजे संग्राम सरनोबत. सिंगापूरच्या जुरोंग आयलंडवरच्या कारखान्यांना पंप, पाइप आणि व्हॉल्व्ह यांची डिझाइन करून देणाऱ्या एका मध्यम कंपनीचे डायरेक्टर, मूळचे कोल्हापूरकडचे. त्यांच्या पणजोबांनी वाघ मारले होते म्हणे. किती मारले ते समोर कोण बसलंय त्यावर ठरायचं. ग्राहक बडा असला की वाघही वाढायचे. असंच एकदा एका फार बड्या ग्राहकापुढे ते वाढले, आणि त्याने खूश होऊन साहेबांना थेट आफ्रिकेत रानरेड्याच्या शिकारीचं आमंत्रण दिलं. झाली ना पंचाईत. आता वाघांच्या पणतूने नाही कसं म्हणायचं?

"टिपणीस, तुम्ही अभ्यासू माणूस," साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावून सांगितलं. "बंदूक तिथेच भाड्याने मिळते, पण कुठली घ्यायची ते आपण सांगायचं. कॅलिबर, गोळी, सगळं. पंपाचा रिपोर्ट करता ना, तसा करा. आणि जरा मनावर घ्या, काय? पुढच्या महिन्यात मला तुमच्या आणि मुकुलच्या बाबतीत काय ते ठरवायचंच आहे."

हे शेवटचं वाक्य साहेबांनी कसं अगदी सहज टाकलं. कंपनीचं काम आटलं होतं आणि दोन सीनियर इंजिनिअरांपैकी एकच राहणार, हे ऑफिसातल्या कॉफी मशीनलासुद्धा माहीत होतं. नोकरी गेली की तिथे राहायचा पास गेला, आणि पास गेला की थोड्याच दिवसांत सेरंगूनच्या फ्लॅटमधला गाशा गुंडाळून डोंबिवली गाठायची. हेमचंद्रने तेही केलं असतं. पण मुलगी, मैत्रेयी, सेकंडरी फोरला होती, ऐन ओ-लेव्हलच्या, म्हणजे तिकडच्या दहावीच्या, तोंडावर. चार वर्षं घासलेल्या पोरीला परीक्षेआधी उचलून कुठे नेणार होता तो?

तेव्हा त्याने मनावर घेतलं. कंपनीच्या बसमध्ये शेजारचे लोक घोरत असायचे आणि हा फोनवर रेड्याच्या बरगड्यांची चित्रं बघायचा. इंजिनिअर तो पक्का होता, त्याबद्दल दुमत नाही. आठवडाभरात त्याला सगळं उलगडलं. कॅलिबर म्हणजे नळीचा व्यास, इंचाच्या हजाराव्या भागात मोजलेला. रानरेड्यासाठी जगभरचे जाणते शिकारी सांगत होते की तीनशे पंच्याहत्तर घ्या, पावणेचारशे. तिकडच्या बऱ्याच ठिकाणी कायदाही म्हणतो की मोठ्या जनावराला याहून लहान नको. पहिली गोळी नरम टोकाची, आत जाऊन फुलणारी, म्हणजे ती जनावरातच थांबते आणि मागे उभ्या असलेल्या दुसऱ्या रेड्याला लागत नाही. पुढच्या टणक, हाड फोडून खोल जाणाऱ्या, कारण तोवर जनावर पाठ फिरवून पळत असतं. आणि मुख्य म्हणजे नेम. खांद्यामागे हातभर जागा असते, तिथे बसली तर पावणेचारशे पुरे, तिथे नाही बसली तर तोफही कमीच.

मग त्याने एक परिच्छेद लिहिला, धक्क्यावर. बंदूक जितकी मोठी तितका खांद्याला दणका मोठा. सवय नसलेला माणूस त्या भीतीने चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतो आणि गोळी भलतीकडे जाते. जखमी रेडा झाडीत शिरून दबा धरतो. त्याच्यामागे झाडीत सगळ्यात पुढे जातो तो पाहुणा शिकारी नव्हे, माग काढणारा स्थानिक माणूस जातो, खाली खुरांकडे बघत. म्हणून नवख्याने लहान बंदूकच घ्यावी. हा परिच्छेद लिहिल्यावर हेमचंद्रला फार बरं वाटलं. कितीतरी महिन्यांनी त्याने काहीतरी पूर्ण खरं लिहिलं होतं.

आता या पंपवाल्यांच्या धंद्यातली एक खोड सांगायला हवी. कारखान्याला शंभर लिटरचा पंप लागत असला की पहिला इंजिनिअर म्हणतो, असू दे, एकशेदहा धरू. दुसरा म्हणतो, आपल्याकडून कमी नको पडायला, एकशेवीस. पंप विकणारा म्हणतो, या मापाचा नाहीच, याच्या वरचा घ्या. आणि मग तो धिप्पाड पंप जन्मभर व्हॉल्व्ह अर्धा आवळून चालवावा लागतो. का? तर पंप लहान निघाला तर कुणाची तरी नोकरी जाते, मोठा निघाला तर कुणाचं काहीच जात नाही. हेमचंद्र स्वतः या खोडीवर लेक्चरं देत असे, आणि नव्या पोरांना हसवत असे.

रिपोर्टवर चर्चा करायला साहेबांनी मीटिंग बोलावली. खोलीत तिघे मराठी इंजिनिअर आणि साहेब. पडद्यावर रेड्याचा आडवा छेद.

"पावणेचारशे?" साहेबांच्या कपाळाला आठी पडली. "म्हणजे चारशेलासुद्धा पंचवीस कमी?"

"सर, तेवढं पुरतं. कायद्याने किमान तेवढंच..."

"किमान," साहेब म्हणाले. तो शब्द त्यांनी ताटातला खडा काढावा तसा बाजूला ठेवला. "टिपणीस, सरनोबतांनी किमान काही केलेलं मला आठवत नाही."

झालं, वारं कुठून वाहतंय ते सगळ्यांना कळलं. सेफ्टीचे निशिकांतराव म्हणाले, जखमी होऊन अंगावर आला तर? सेफ्टीच्या दृष्टीने चारशे सोळा तरी हवी. मुकुलने हनुवटी खाजवली आणि म्हणाला, एकाच्या जागी दोन आले तर? मी तर चारशे अठ्ठावन्न म्हणेन, अर्थात हा टिपणीसांचा विषय आहे. असं म्हणून त्याने हेमचंद्रकडे फार प्रेमाने पाहिलं. साहेबांच्या डोळ्यांत मुकुल वर चढत होता आणि हेमचंद्र खाली खाली जात होता. त्याच्या तोंडून आपोआप निघालं, "मग पाचशेचा विचार करायला हरकत नाही, सर."

"त्याच्या वर काय असतं?" साहेबांनी विचारलं.

"पाचशे सत्त्याहत्तर. दोन नळ्यांची. पण सर, ती पूर्वी हत्तीसाठी..."

"हां," साहेब खुर्चीत टेकले. "आता कसं बोललात."

गोळीचंही तेच. नरम हा शब्द ऐकूनच साहेब दुखावले. सरनोबत नरम गोळी घेऊन जाणार? सगळ्या टणक घ्या. टणक गोळी आरपार जाऊन मागच्या रेड्याला लागेल, असं हेमचंद्र पुटपुटला, तर मुकुल म्हणाला, एकात दोन होतील, आणि सगळे हसले. हेमचंद्रही हसला, काय करतो बिचारा. मीटिंग संपता संपता साहेब म्हणाले, "आणि तो धक्क्याचा परिच्छेद आहे ना, तो वाचून माणूस उगाच बिचकतो. बघा काय करायचं ते."

काढा, असं साहेब म्हणाले नाहीत. साहेब लोक असं कधीच म्हणत नसतात.

संध्याकाळी फ्लॅटखालच्या कॉफीशॉपमध्ये त्याने बायकोला, शैलाला, सगळं सांगितलं. मैत्रेयी शेजारीच गणितं सोडवत बसली होती.

"तू खरं काय ते लिहिलंस ना?" शैलाने विचारलं.

"लिहिलं होतं."

"होतं म्हणजे?"

"उद्या नवी आवृत्ती द्यायची आहे. मोठी बंदूक. तो परिच्छेद वगळून."

मैत्रेयीने मान वर केली आणि, लहान चालते म्हणाला होतास ना, हे आपल्या सिंगापुरी इंग्रजीत विचारलं. "बाबा, यू सेड द स्मॉल वन कॅन व्हॉट. नाऊ व्हाय सो बिग?"

"तू गणितं कर," तो म्हणाला. तिने खांदे उडवले आणि पुन्हा वहीत डोकं घातलं. त्या खाली घातलेल्या मानेकडे शैला बराच वेळ बघत राहिली. बाई सरळ होती, खोटं तिला खपत नसे. भाजीवाल्याने चुकून जास्त सुट्टे दिले तरी परत करायला जाणारी. पण समोर पोरगी बसली होती.

"दे सही करून," ती हळू आवाजात म्हणाली. "तिकडे त्यांचे जाणकार शिकारी असतीलच ना बरोबर? चुकीची असली तर ते बदलतील. त्यांचं ते बघतील."

त्यांचं ते बघतील. हेमचंद्रला हे वाक्य फार आवडलं. रात्री त्याने तो परिच्छेद निवडला, बटण दाबलं, आणि खालचा मजकूर वर सरकून जागा भरून निघाली.

साहेबांची तयारी मग जोरात सुरू झाली. सिंगापुरात सरावाला बंदूक कुठली मिळणार? तेव्हा ते कॉन्डोच्या बाल्कनीत मॉपचा दांडा खांद्याला लावून समोरच्या टॉवरवर नेम धरायचे. समोरच्या बाईंनी सिक्युरिटीला फोन केला तेव्हा तो सराव थांबला. पुढे साहेब खाकी टोपी घालून विमानात बसले आणि हेमचंद्र रोज सकाळी बसमध्ये फोन उघडून बघत राहिला. काही कळत नव्हतं.

परतल्यावर साहेबांनी रविवारी कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये सगळ्यांना जेवायला बोलावलं. दारात त्यांच्या पत्नी, उत्कर्षाबाई, स्वागताला उभ्या होत्या. साहेबांचा उजवा हात गळ्यात बांधलेला होता आणि भिंतीवर त्यांचा फोटो लागला होता. मेलेल्या रेड्यावर एक पाय ठेवून उभे, डावा हात कमरेवर.

"तिथला तो परवाना असलेला गोरा शिकारी," साहेब सांगू लागले, "बंदूक बघून म्हणतो कसा, ही नको, तुम्हाला झेपणार नाही, माझी तीनशे पंच्याहत्तर घ्या. मी काय केलं? टिपणीसांचा रिपोर्ट काढला. म्हटलं, हे बघ, सिंगापूरच्या इंजिनिअरांनी हिशेब करून दिलंय. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला त्याने. मग काय बोलणार? गप्प बसला."

लोक हसले. हेमचंद्रच्या हातातली बशी एका बाजूला कलली. शैलाने ती सावरून धरली.

"मग गोळी घातली. काय तो आवाज. खांदा निखळलाच माझा. गोळी जरा मागे बसली, पोटात, आरपार. रेडा उठला आणि शिरला झाडीत. तो माग काढणारा काळा माणूस होता ना, तो पुढे झाला, वाकून वाकून बघत. आणि सांगतो तुम्हाला, भिंतीतून यावा तसा रेडा बाहेर आला. घेतलं त्याला शिंगावर. मांडी फाडली, हाडाचा चुरा. तेवढ्यात गोऱ्याने दोन घातल्या आणि रेडा पडला. पण पहिली गोळी आपली, तेव्हा रेडा आपलाच."

"आणि तो माणूस?" शैलाने विचारलं.

"आहे, जिवंत आहे. आता चालता येणार नाही म्हणतात. त्या लोकांच्या कामात हे असतंच हो. उत्कर्षा, कबाब फिरव ना जरा."

कबाब फिरले. हेमचंद्रला लाज वाटत होती, इतकी की कान गरम झाले होते. "सर," तो म्हणाला, "त्याचं नाव काय?"

"कुणाचं? रेड्याचं?" पुन्हा हशा पिकला.

"माग काढणाऱ्याचं."

साहेबांनी छताकडे पाहिलं. मनापासून आठवायचा प्रयत्न केला, असं म्हणायला हवं. "काहीतरी होतं बुवा. छोटंसं नाव होतं. गोळी साडेसातशे ग्रेन वजनाची, हे बघा तोंडपाठ आहे. नाव काही येत नाही." मग त्यांनी डाव्या हाताने चमचा ग्लासवर वाजवला. "बरं, ते राहू दे. एक सांगायचं होतं. कंपनीत कोण राहणार याची बरीच कुजबुज चाललीय. मला माणूस कसा लागतो? ऐकून घेणारा. पहिलं मत धरून न बसणारा. टिपणीस आपल्याकडेच राहतायत."

सगळ्यात आधी टाळी मुकुलने वाजवली, पांढऱ्याफटक चेहऱ्याने. शैलाने डोळे मिटले आणि हेमचंद्रचा हात घट्ट धरला. पोरीची परीक्षा वाचली होती. सगळे त्याच्याकडे बघत होते, आता दोन शब्द बोलायला हवे होते.

"थँक यू, सर," हेमचंद्र म्हणाला. मग कुणी विचारलेलं नसताना त्याने मोठ्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "तो रिपोर्ट माझा होता. सही माझी आहे."

लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.