लेकरू गप्प झालं तेव्हा

लेकराला हगवण लागली की आपल्या गावागावांत घरची जाणती माणसं अजूनही पहिला हुकूम सोडतात: पाणी बंद, दूध बंद! वाईट मनानं कुणी सांगत नाही. मायेपोटीच सांगतात. पण त्या मायेनं लेकरांच्या किती झोळ्या रिकाम्या केल्या, याचा विचार आपण कधी केलाय का?

मराठवाडा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. चुडाव्याच्या शिवारात, गावापासून बरंच लांब, एका धनगराचं बिऱ्हाड उतरलं होतं. कारभारी बिरू मेंढरं घेऊन चाऱ्याच्या शोधात पूर्णा नदीच्या काठानं निघून गेला होता. मागं राहिल्या त्याची बायको कोंडाबाई, आई भिवराबाई आणि चालता न येणारी चार कोकरं. कोंडाबाईच्या मांडीवर तिचं पहिलंच लेकरू होतं, येडबा. अजून धड रांगतही नव्हता.

चहूकडं भेगाळलेलं काळं रान. बोलायला माणूस नाही. लांबून आगगाडी गेली की कोंडाबाई कामातून मान वर करून बघायची. डब्यांत बायका असतील, एकमेकींशी बोलत असतील, असं तिला वाटायचं. सासू वाईट नव्हती, पण कामापुरतंच बोलायची. बाकी दिवसभर वारा आणि कोकरांचं ओरडणं.

अशात येडबाला हगवण लागली. पाण्यासारखी, थांबायचं नाव नाही. लेकरू ओठ चाटायला लागलं.

"आत्याबाई, तोंड सुकायलंय त्याचं. घोटभर पाजू का?"

"येडी का काय गं तू? वरून ओतलं की खालून जातंय. आतडी कोरडी पडू दे, मग आपूआप थांबल. आन् तुझं दूधबी बाधलंय त्याला. छातीला लावू नको."

भिवराबाईनं नातवाची दृष्ट काढली, टाळूवर तेल थापलं, पदरानं वारा घालत ती रात्रभर बसून राहिली. तिला नातू नकोसा होता, असं कोण म्हणेल? पण पाण्याची घागर मात्र तिनं झाकून ठेवली. कोंडाबाईची छाती दुधानं ठणकत होती, चोळी भिजत होती, आणि हातभर अंतरावर लेकरू तहानेनं रडत होतं. रडणं ऐकवेना म्हणून ती बिऱ्हाडाच्या पलीकडं जाऊन बसायची. तिथं रडलं तरी विचारायला कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऊन चढलं आणि येडबा गप्प झाला.

"बघ, निजलं," भिवराबाई समाधानानं म्हणाली. "उतार पडला गं माय!" आणि ती कोकरांकडं गेली.

कोंडाबाईलाही क्षणभर हायसं वाटलं. मग तिनं जवळ जाऊन पाहिलं. येडबाचे डोळे अर्धवट उघडे होते, खोल गेलेले. टाळूला खळगा पडला होता. तिनं हाक मारली, गाल हलवला. त्यानं बघितलं नाही. एक माशी येऊन डोळ्याच्या कोपऱ्यावर बसली, तरी पापणी हलली नाही!

ती धडपडत बाहेर आली. भिवराबाई एका मलूल कोकराचं तोंड उघडून ओंजळीनं पाणी पाजत होती.

"त्याला कशाला पाजायलाव, आत्याबाई?"

"हगवण लागलीय त्याला. पाजलं न्हाई तर वाळून मरतंय की!"

कोंडाबाई पुढं आली. "मग माझं लेकरू? ते वाळत न्हाई का?"

"जनावर येगळं, माणूस येगळं."

"तहान एकच हाय!"

सासूपुढं तिचा आवाज कधी चढला नव्हता. आपलेच शब्द ऐकून तिला भीती वाटली. पण तिनं येडबाला उचललं, पदरात घेतलं आणि पूर्णा गावचा दवाखाना गाठायला स्टेशनाची वाट धरली.

"कोंडे! उन्हात कुठं निघालीस? वाटंतच जाईल गं लेकरू! बिरूला काय सांगू मी?" मागून हाका येत राहिल्या. तिनं वळून पाहिलं नाही. वळली असती तर परतली असती.

वाटेत लिंबाखाली बसून तिनं त्याला छातीशी धरलं. ओढायचं बळ त्याच्यात नव्हतं. मग ती बोटानं दूध पिळून थेंब थेंब त्याच्या जिभेवर सोडू लागली. काही थेंब ओघळले, काही आत गेले. आपण लेकराला वाचवतोय की मारतोय, हे सांगणारं त्या वाटेवर कुणी नव्हतं.

आगगाडीत माणसं होती. पण घाण वासानं बायका सरकून बसल्या. एकीनं लांबूनच विचारलं, "हाय ना गं जिवंत?" कोंडाबाईनं लेकराच्या छातीवर हात ठेवला आणि पूर्णा स्टेशन येईपर्यंत तो काढला नाही.

पूर्णेच्या दवाखान्यात वच्छलाबाई नावाच्या नर्स होत्या. त्यांनी नाव-गाव विचारलं नाही. येडबाच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडीची घडी तशीच उभी राहिली.

"मुतलं कधी शेवटचं?"

"काल."

"रडताना डोळ्यांत पाणी येतंय का?"

"आता रडतच न्हाई, बाई. गप हाय."

"गप आहे म्हणूनच घाई आहे!" वच्छलाबाई ओरडल्या आणि त्यांनी डॉक्टरांना हाक मारली.

डॉक्टरांनी दोन्ही मांड्यांत सुया घालून सलाईन सुरू केलं. लेकराला जरा गिळता येऊ लागलं, तशी वच्छलाबाईंनी चिमूटभर मीठ घातलेली तांदळाची पातळ पेज आणली आणि कोंडाबाईच्या हाती चमचा दिला. "एकदम ओतायचं नाही. चमचा द्यायचा, थांबायचं. ओकलं तरी घाबरू नका, दम खाऊन पुन्हा द्या. आणि ओढायला लागलं की छातीला लावा. आईचं दूध बाधत नसतं, बाई."

दिवस मावळायला आला होता. कोंडाबाईला मांडीवर एकाएकी ऊब जाणवली. लुगडं ओलं झालं होतं.

"मुतलं! वो बाई, मुतलं माझं लेकरू!"

सगळा दवाखाना वळून बघू लागला. वच्छलाबाई हसल्या, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

सकाळी भिवराबाई येऊन पोचली. ज्याच्या रानात बिऱ्हाड होतं त्या शेतमालकाच्या घरी कोकरं सोपवून ती रुळाच्या कडेनं चालत आली होती. नातू जिवंत बघून तिनं त्याच्या कपाळावरून हात फिरवला. मग तिची नजर चमच्यावर गेली. "अगं, काय पाजायलीस! पुन्हा हगवण वाढंल!"

"आजी, बसा," वच्छलाबाई म्हणाल्या. "हगवणीतून बाहेर जातं ते अंगातलं पाणी. जेवढं जातं तेवढं परत घालायला नको का? लेकरू हगवणीनं जात नाही, कोरडं पडून जातं."

"आमच्यात असंच करत्यात. माझ्या सासूनं सांगितलं, तिला तिच्या सासूनं."

"आणि त्यातली किती लेकरं जगली, आजी?"

 भिवराबाईनं जमिनीकडं बघत सांगितलं, "बिरूच्या आधीची तिघं गेली. थोरली बोलायला लागली हुती. घागरीकडं हात करायची. मी घागर झाकून ठिवली."

कोंडाबाईनं हे कधीच ऐकलं नव्हतं. इतकी वर्षं ही बाई काय मनात घेऊन गप्प बसत होती! ती उठून सासूला खेटून बसली.

"तुम्ही मारलं नाहीत, आजी," वच्छलाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "तुम्हाला जे खरं म्हणून सांगितलं, ते तुम्ही केलंत."

"आता कळून त्यास्नी काय उपेग, बाई?"

  कोंडाबाईनं चमचा सासूच्या हातात दिला.  निम्मी पेज सांडली, निम्मी येडबाच्या तोंडात गेली. त्यानं मिटक्या मारल्या. भिवराबाईनं दुसरा चमचा भरला.

पुढं ज्या ज्या शिवारात बिऱ्हाड उतरलं, तिथं कुणाचं लेकरू हगवणीनं बेजार आहे असं कळलं की भिवराबाई पाणी-पेज पाजा म्हणून सांगायला न बोलावता जाऊ लागली. काहींनी तिला दारातून हाकललं. एका घरी तर म्हातारी चळली म्हणाले. ती पुन्हा जायची.

बंधुभगिनींनो, हगवण लागलेल्या लेकराचं दूध तोडू नका, पाणी तोडू नका. चिमूटभर मीठ घातलेली तांदळाची पातळ पेज चमच्याचमच्यानं देत राहा. डोळे खोल गेले, रडताना आसवं येईनात, लघवी थांबली, लेकरू मलूल होऊन पडलं, तर तो आराम समजू नका. पाजत पाजतच दवाखाना गाठा. तहानलेल्या लेकराला पाणी दिल्यानं एखादी जुनी चाल मोडत असेल, तर ती खुशाल मोडू द्या!