पावणेतीन किलोमीटरवरचा तारा

विज्ञानाच्या बाईंनी शाळेच्या फाटकावर टाचणीच्या टोकाएवढा सूर्य टोचला आणि त्याच्यापासून एक सेंटीमीटरवर पृथ्वी. या मापानं सगळे ग्रह एका फूटपट्टीत कसेबसे मावले. शेजारचा तारा मात्र बाईंच्या हिशेबानं पावणेनऊ किलोमीटरवर, गावाबाहेरच्या तलावापाशी येत होता. मुलांना न्यायला बससुद्धा ठरली.

आदल्या दिवशी गणिताच्या सरांनी कागद पाहिला.

"बाई, हा सव्वाचारचा आकडा प्रकाशवर्षांचा आहे. तुम्ही पार्सेक धरलेत. एक पार्सेक म्हणजे जवळजवळ सव्वातीन प्रकाशवर्षं. तारा तिपटीहून लांब पळवलात की!"

बाईंनी कपाळावर हात मारला. त्यांच्या मापात एक प्रकाशवर्ष म्हणजे सहाशे बत्तीस मीटर. त्याची सव्वाचार पट केली, की पावणेतीन किलोमीटरला थोडं कमी. नकाशात त्यांनी मोठ्या रस्त्यावरून बोट नेलं आणि पावणेतीनच्या खुणेवर थांबवलं. तिथे थोरल्या बहिणीची लाँड्री होती. आई गेल्यावर तिच्या कपाटावरून दोघींचं फाटलं होतं, ते दोन वर्षं बोलणं बंद.

"दुसऱ्या दिशेला न्या," सर म्हणाले. हे भांडण त्यांना ठाऊक होतं.

"तिकडे रेल्वेचं यार्ड आहे. मुलांना काय रुळांवर उभं करू?"

संध्याकाळी बाई लाँड्रीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. बहीण शर्टाच्या कॉलरवर इस्त्री फिरवत होती.

"आत ये, नाहीतर बाजूला हो. गिऱ्हाइकांची वाट अडतेय."

"ताई, तुझ्या दुकानावर तारा लावायचाय."

"काय लावायचाय?"

बाईंनी सगळं सांगितलं, पार्सेकच्या घोटाळ्यासकट. ताईनं इस्त्री उभी ठेवली.

"म्हणजे चूक सापडली नसती, तर तू तलावावर गेली असतीस. इथे नसती फिरकलीस."

"नसते फिरकले," बाई म्हणाल्या. खोटं बोलायचं त्यांच्या जिवावर आलं.

"पाटीवर लाव. शटरवर लावलास तर दिवसभर गुंडाळलेला राहील."

दुसऱ्या दिवशी बसऐवजी चालत निघालेली मुलं थंडीतही घामाघूम होऊन पोचली. ताईनं सगळ्यांना पाणी दिलं आणि विचारलं, "तिथून उजेड यायला किती वेळ लागतो रे?"

"चार वर्षांहून जास्त!" मुलं ओरडली.

"बापरे," ताई म्हणाली आणि पाटीकडे बघत राहिली.

कपाटाचा विषय कुणीच काढला नाही. मुलं परत निघाली तेव्हा बाईंनी अंगातलं स्वेटर काढून काउंटरवर ठेवलं. तारा चिकटवताना बाहीवर गोंद सांडला होता.

"शनिवारी मिळेल," ताई म्हणाली. "न्यायला तूच ये. नवऱ्याला पाठवू नकोस."