म्हातारा बादलीत

या, अजून जवळ या. भिंतीला टेकून अर्ध्या कानानं ऐकू नका. आज सांगणार आहे ती गोष्टच मुळी अर्ध्या कानानं ऐकलेल्या बोलण्याची आहे.

एका घराच्या बैठकीत दोन राजे होते. एक काचेच्या बाहेर, एक काचेच्या आत. बाहेरचे मामंजी. खिडकीजवळची आरामखुर्ची त्यांची, वर्तमानपत्र त्यांचं, पंख्याचा वारासुद्धा त्यांचाच. खुर्चीत चुकून कोणी टेकलं की ते नुसतं "हं!" म्हणत आणि माणूस विंचू चावल्यागत उठे.

आतला राजा म्हणजे कपाळावर टेंगूळ आलेला निळा मासा. टाकी धाकट्या सुनेची, माहेराहून जिवापाड जपून आणलेली आणि बैठकीतल्या देवाच्या कोनाड्यासमोर ठेवलेली. तिच्यातल्या दगडी कमानीखाली हा ठाण मांडून बसे आणि शेजारून कोणी गेलं की धावून चावा घेई. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव ठेवलं, "म्हातारा". का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि सुनेनंही विचारलं नाही. काही नावांचा अर्थ विचारायचा नसतो.

पुढे म्हाताऱ्यानं एका माशाचा जीवच घेतला. मामंजी कडाडले, "देवाच्या दिव्यासमोर जीवहत्या? आणखी एक मेला तर टाकी घराबाहेर, सूनबाई!"

आता पिवळीची पाळी होती. एवढीशी मासोळी, पण शेपटी पार झिजल्या केरसुणीसारखी झालेली. ती कोपऱ्यात दडून राही, खायलाही बाहेर येत नसे. सुनेच्याही घशाखाली घास उतरेना. शेवटी तिनं रंगीत माशांच्या दुकानदाराला फोन लावला.

"दादा, काय करू हो म्हाताऱ्याचं? कोणाला टेकू देत नाही. खाणं आलं की आधी याचं तोंड पुढे!"

"ताई, मासा वाईट नाही," दुकानदार म्हणाला, "त्या कमानीला तो स्वतःची जहागीर समजतो. थोडे दिवस त्याला वेगळं ठेवा. तोवर आतली मांडणी मोडा, कमान हलवा. बाकीचे रुळले की त्याला सगळ्यांत शेवटी सोडा. मग बघा."

विसरायला नको म्हणून सुनेनं मोठ्यानं उजळणी केली. "म्हणजे आज म्हाताऱ्याला बाहेर काढायचं. त्याची जागा मोडायची. बाकीचे सुखानं नांदायला लागले की मग परत घ्यायचं. परका होऊन आला की नरमेल, हो ना?"

दाराआड मामंजी चष्मा शोधत होते. चष्मा डोक्यावरच होता, पण तो सापडण्याआधी हे सापडलं.

ते तडक स्वयंपाकघरात गेले. "ऐकलंस का? मला बाहेर काढतायत!"

सासूबाई भाजी निवडत होत्या. सुनेची उजळणी त्यांच्याही कानावर आली होती. सगळा घोळ त्यांच्या क्षणात ध्यानात आला. मान वर न करता त्या म्हणाल्या, "थोड्याच दिवसांसाठी ना? नरमल्यावर परत घेतात म्हणे."

"म्हणजे तुलाही ठाऊक होतं!"

"घरातलं सगळ्यांनाच ठाऊक असतं. फक्त खुर्चीपर्यंत पोचत नाही."

सून पदर खोचून कमान हलवत होती. इतक्यात मामंजी आले आणि मुकाट्यानं स्टुलावर बसले.

"सूनबाई, दमलीस. त्या खुर्चीत बस जरा. मला काय, कुठेही चालतं."

सून टाकीत पडायचीच बाकी! पण संधी कशाला सोडा? "मामंजी, जरा बादली धरता?"

"काय आहे यात?"

"म्हातारा."

मामंजींनी आत वाकून पाहिलं. आतल्यानं वर पाहिलं. दोघांच्याही कपाळाला आठ्या.

"हा... म्हातारा?"

"हो. सासूबाईंनीच ठेवलंय नाव."

मामंजींनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. दाराशी पदराचं टोक गदगदा हलत होतं. आता गरजावं, तर आपण काय ऐकलं तेही सांगावं लागणार. त्यांनी एवढंच विचारलं, "आणि हा नरमलाच नाही तर?"

"तर टाकी देऊन टाकते." सुनेनं टाकीच्या काचेवरून हात फिरवला. "तुम्ही म्हणालात तसं."

मामंजींनी बादली आणखी घट्ट धरली. "देऊ नकोस," ते हळूच म्हणाले. "नरमेल तो. जागा सुटली की आधी जीव घाबरतो. मग कळतं, स्टूलही काही वाईट नसतं."

थोड्या दिवसांनी म्हाताऱ्याला टाकीत सोडलं. तो कमान शोधत चारदा गरगरला. कमान सापडेना, तसा निमूट एका झाडामागे गेला. खाण्याच्या नादात पिवळी त्याला धडकली. सुनेनं श्वास रोखला. मामंजींनी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. म्हाताऱ्यानं पिवळीकडे नुसतं पाहिलं आणि बाजूला सरकला.

टाकी घरातच राहिली. पिवळीला नवी शेपटी फुटू लागली. खुर्ची मामंजींनी पुन्हा मागितली नाही. मात्र बैठकीत कोणी नसलं की ते तिच्यात टेकत आणि चाहूल लागताच, खुर्ची झटकायला आल्यासारखे उठत.

तर मंडळी, पिवळीला विसरलात तरी चालेल. पण संध्याकाळी देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या सासूबाईंची आठवण ठेवा. त्या दिवशी हसू दाबता दाबता त्यांना असा ठसका लागला म्हणता, आणि पाण्याचा पेला घेऊन कोण धावलं? मामंजीच!