नोरीनच्या बाजूची हवा

नोरीन यंदा येणार नव्हती. तसं ती भांडून वगैरे म्हणाली नव्हती. जूनमधल्या, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यातल्या, एका गार दुपारी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता ती म्हणाली, "बेसिल, ऑगस्टात तू तुझ्या जुन्या कामावरच्या मॅलला घेऊन जा उत्तरेला. मला आता ते धक्के नको वाटतात." आणि तिने पुढचा टॉवेल उचलला.

भांडणाला बेसिल ट्रेगोनिंगने उत्तर दिलं असतं. टॉवेलच्या घडीला काय उत्तर देणार?

अठ्ठावीस वर्षं दर ऑगस्ट त्यांनी तिकडे एकत्र काढला होता. आपलं कडिना गाव सोडायचं, गव्हाची शेतं मागे टाकायची, डांबरी रस्ता संपला की टायरांची हवा थोडी कमी करायची आणि त्या एका कोरड्या ओढ्याकाठी जाऊन राहायचं. पहाटे हिरव्या पोपटांचा थवा पाण्याच्या डबक्यावर उतरायचा. नोरीन गाडीच्या दारात पांघरूण घेऊन बसायची आणि चहा निवून जाईपर्यंत बघत राहायची. बेसिलला पोपटांचं फारसं काही नव्हतं. तो तिच्याकडे बघायचा. ही गोष्ट त्याने तिला कधी सांगितली नव्हती.

गेल्या वर्षी परतताना कच्च्या रस्त्यावरच्या एका खळग्यात गाडीचा मागचा भाग खाली बसला. लोखंडावर लोखंड आपटलं आणि नोरीनच्या तोंडून एक बारीकसा आवाज निघाला. मणक्याला केसाएवढी चीर गेली होती. चार महिने तिने कमरेला पट्टा बांधला. गाडीला तिने एका शब्दाने बोल लावला नाही, बेसिललाही नाही. ते त्याला फार जड गेलं.

म्हणून त्याने एअरबॅगचा ध्यास घेतला. अपघातात तोंडावर फुगतात त्या नव्हेत. या रबराच्या जाड पिशव्या मागच्या चाकांच्या पाट्यांवर, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांवर, बसवतात, त्यांत हवा भरली की गाडीची खाली गेलेली शेपटी वर येते. तीन आठवडे तो माहितीपत्रकं वाचत होता. एका वहीत त्याने रकाने आखले. कुठल्या पिशवीचं रबर किती पदरी, कुठली किती वजन उचलते, दोन्ही पिशव्यांना मिळून हवेची एक नळी घ्यावी की दोन वेगळ्या. रोज रात्रीच्या जेवणापर्यंत त्याचं एक ठरायचं आणि सकाळी चहाबरोबर ते मोडायचं.

शेवटी तो वही घेऊन रॉझच्या गॅरेजात गेला. रॉझ केर्निच पन्नाशीची बाई, आवाज मोठा, हात कायम काळे. तिने वही चाळली आणि परत दिली.

"अहो बेसिल, एवढा अभ्यास मी लग्न करताना केला असता तर एकच लग्न पुरलं असतं. सगळं लिहिलंत. गाडीचं वजन कुठंय?"

"कशाचं?"

"गाडीचं. भरलेल्या गाडीचं. मागच्या धुरीवर, चाकांच्या आसावर, किती किलो येतात?"

बेसिलने वही पुन्हा उघडून बघितली. एकतीस वर्षं तो धान्याच्या कोठारांवरच्या वजनकाट्यावर बसला होता. हंगामात गव्हाचे ट्रक ओळीने त्याच्या खिडकीखालून जायचे. स्वतःची गाडी मात्र त्याने एकदाही काट्यावर घातली नव्हती.

रॉझ हसली नाही, हे तिचे उपकार. ती गुडघ्यावर बसून गाडीखाली बघत म्हणाली, "पिशवी शेपूट उचलते, वजन खात नाही. धुरी तेवढीच दबते. उलट पाटा जो भार दोन टोकांना वाटून देतो, तो पिशवी चेसीच्या एकाच ठिकाणी ढकलते. जास्त लादलेल्या गाड्या मी केबिनच्या मागे वाकून आलेल्या बघितल्यात, पिशव्या ठणठणीत फुगलेल्या. आधी वजन करून आणा. निघताना जसं भराल तसं सगळं भरून. पाणी, डिझेल, भांडीकुंडी. आणि दोघंही बसून."

"दोघंही?"

"नोरीन काय टपावर बसते?"

त्या संध्याकाळी बेसिलने दोनदा घसा खाकरला. तिसऱ्या वेळी नोरीनच म्हणाली, "बोल एकदाचं."

"काट्यावर जायचंय. तुला गाडीत बसावं लागेल. फक्त तेवढंच. दहा मिनिटं."

"म्हणजे तू मला वजन म्हणून नेणार?"

"रॉझने सांगितलंय."

"बावन्न वर्षांच्या संसारात असं गोड आमंत्रण पहिल्यांदाच मिळालं," नोरीन म्हणाली. पण सकाळी ती कोट घालून तयार होती. मांडीवर पेस्ट्यांचा, म्हणजे भाजलेल्या मोठ्या करंज्यांचा, गरम डबा होता. बटाटा, कांदा, मटण, सलगम. तिच्या आजीच्या हाताचीच पद्धत. "प्रवासात खाणं असतंच. मग वजनात धरायला हवं," असं तिचं म्हणणं.

काट्यावर आता मॅल बसायचा. बेसिलच्याच हाताखाली शिकलेला, आता स्वतः निवृत्तीला आलेला. त्याने आधी पूर्ण गाडी घेतली, मग पुढची चाकं काट्याबाहेर घेऊन फक्त मागची. खिडकीतून त्याचं डोकं बाहेर आलं ते पुन्हा आत गेलं. मग तो हातात एक फावडं घेऊनच खाली उतरला.

बेसिलने ते फावडं ओळखलं. त्याच्याच खिडकीशेजारी ते एकतीस वर्षं टांगलेलं असायचं. ट्रकात जास्तीचा माल निघाला की तो शब्द न बोलता शेतकऱ्याच्या हातात ते द्यायचा. काढा. काढल्याशिवाय पावती नाही. बापाच्या दुखवट्यातून आलेल्यालाही त्याने ते दिलं होतं.

"मागच्या धुरीवर दोनशे दहा किलो जास्त, साहेब," मॅल म्हणाला आणि त्याने दोन्ही हातांनी फावडं पुढे केलं. "या दिवसासाठी मी नोकरीत टिकून राहिलो."

"मॅल, माझं वजन धरून का वगळून?" नोरीनने आतून विचारलं.

"तुमचं वजन पुढच्या चाकांवर जास्त आहे, नोरीन. तुम्ही निर्दोष आहात."

बेसिलला हसू आलं नाही. फावडं हातात धरून तो गाडीच्या मागे गेला. दारावर टांगलेलं दुसरं जादा चाक. जादा पाट्यांची चळत. एक लोखंडी पेटी, तिच्यातल्या निम्म्या हत्यारांना त्याने कधी हात लावला नव्हता. आणि सगळ्यांत मागे, चाकांच्याही पलीकडे, शेपटीला बसवलेली ऐंशी लिटरची पाण्याची टाकी. इतकं मागे लटकलेलं वजन धुरीवर दीडपट पडतं, हे कुणीही सांगितलं असतं. तो स्वतः ट्रकवाल्यांना सांगायचा.

नोरीन उतरून त्याच्याजवळ आली. चालताना तिचा एक हात अजून कमरेवर असायचा.

"काय झालं रे?"

"ही टाकी," बेसिल म्हणाला. "सात वर्षांपूर्वी बसवली. आपण अडकलो होतो ना, गिअरबॉक्स गेला तेव्हा. दोन दिवस. मी पाणी पीत होतो आणि तू नुसती ओठाला लावत होतीस. माझ्यासाठी राखून ठेवत होतीस. तेव्हा मी ठरवलं, पुन्हा तुझ्यावर ती वेळ येऊ द्यायची नाही." त्याने फावड्याच्या दांड्याकडे बघितलं. "गेल्या वर्षी तुझा मणका त्या खळग्याने नाही मोडला, नोरीन. या पाण्याने मोडला. मी मोडला."

मॅल काही तरी आठवल्यासारखं करून खिडकीकडे निघून गेला.

नोरीनने टाकीवर बोटं टेकवली. मग तिच्या चेहऱ्यावर काही तरी हलू लागलं. बेसिलला वाटलं, ती रडणार.

"मी तुझ्यासाठी पाणी राखत होते?"

"हो ना."

"अरे वेड्या, मला झुडपामागे जायचा कंटाळा होता! तेव्हा माझे गुडघे कसले दुखत होते. एकदा खाली बसले की उठायला तुला हाक मारावी लागायची. त्यापेक्षा पाणीच नको, म्हटलं." ती आता उघड हसत होती, एका हाताने कंबर धरून. "हसवू नकोस, दुखतं. ऐंशी लिटर! सात वर्षं!"

"तू कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलंस?"

वहीत त्याने चौदा रकाने आखले होते. तिला विचारायचा एकही नव्हता.

नोरीनने डोळे पुसले. मग तिने त्याच्या हातातलं फावडं काढून टाकीला टेकवून ठेवलं. "पण तू ते माझ्यासाठी वाहिलंस हे खरं," ती हळूच म्हणाली. "कुणी माझ्यासाठी एवढं पाणी वाहिलं नव्हतं. आता ओत ते."

त्यांनी टाकीचा नळ सोडला; प्यायच्या पाण्याचे कॅन गाडीत पुढे होतेच. कोठारांच्या सावलीतल्या, ट्रकांखाली दबून कडक झालेल्या मातीत ऐंशी लिटर पाणी पसरत गेलं आणि कुठून कुठून चिमण्या आल्या. मॅलने येऊन जादा चाक उतरवलं, पेटी उतरवली, पाटे उतरवले. मग तिघांनी उभ्याउभ्या पेस्ट्या खाल्ल्या. पुन्हा काटा झाला. टाकी रिकामी झाल्यावर मागची धुरी मर्यादेच्या वीस किलो आत. मॅलने पावती फाडून बेसिलला दिली आणि तोंडातला घास सावरत म्हणाला, "आता ऑगस्टात मला घेऊन जायचं काय झालं?"

बेसिलने नोरीनकडे बघितलं. नोरीन डब्याचं झाकण लावत होती. ते नीट बसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती न सांगता गाडीत येऊन बसली, रॉझकडे जाण्यासाठी. रॉझने पावती वाचली आणि मान डोलावली. "आता पिशव्यांना अर्थ आहे. छोट्याच पुरतील. उरलेलं डोलणं तेवढ्या सांभाळतील. बोला बेसिल, एक नळी की दोन?"

बेसिलने वही उघडली. मग मिटली. "नोरीन, तू सांग."

"मला काय कळतं? फरक काय?"

रॉझने सांगितलं, "एका नळीत वळणावर इकडची हवा तिकडे पळते, गाडी कलते. दोन नळ्या घेतल्या की प्रत्येक बाजूची हवा आपापली. एक बाजू जड असेल तर तिकडे थोडी जास्त भरायची. मुक्कामाला जमीन तिरकी असली तरी बिछाना थोडाफार सपाट करता येतो. पण रोज सकाळी दोन ठिकाणी हवा बघावी लागते."

"डावी बाजू माझी," नोरीन म्हणाली.

"हो."

"मग दोन. आणि डावीकडची मी बघणार. याच्यावर सोडलं तर हा माझ्या काळजीने फोडून टाकेल."

रॉझने काम चार तासांत उरकलं. मागच्या बंपरखाली दोन लहान व्हॉल्व्ह आले, एक डावीकडे, एक उजवीकडे. तिने हवा मोजायचं यंत्र बेसिलकडे धरलं, तर नोरीनने मधेच हात घालून घेतलं. ती वाकली नाही. रॉझने तिच्यासाठी एक स्टूल ओढलं, त्यावर ती बसली आणि चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"किती ठेवायची?" तिने विचारलं.

रॉझ काही सांगणार होती. बेसिललाही आकडा तोंडपाठ होता, वहीत तो दोनदा अधोरेखित केलेला होता. तो तिच्या शेजारी खाली फरशीवरच बसला.

"तुला कशी बसायला बरी वाटते, ते बघू," तो म्हणाला. "पंधरापासून सुरुवात कर. मग आपण त्या दगडी रस्त्यावर एक चक्कर मारू. दुखलं तर सांग."

"सांगेन," नोरीन म्हणाली आणि यंत्र व्हॉल्व्हवर दाबलं. थोडी हवा सुस्कारल्यासारखी निसटली. "आणि या वेळी तूही सांगायचं. तिथे पहाटे पोपट सोडून तू कुठे बघत असतोस ते."