दिवेलागणीला जाणारी खिडकी

सूनबाई दुसऱ्या शहरातल्या कपड्यांच्या कारखान्यात नमुने आखायला गेली, ती उमेदवारीवर. अट एकच होती. स्वतःच्या वेळात, स्वतःच्या साधनानं एक कोट आखून द्यायचा. कटिंगच्या मास्तरांना पटला तर नोकरी कायम, नाही तर सामान बांधून परत घरी.

तिनं कोट आखायला घेतला तो चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्या माणसासाठी. उभ्या माणसाचा कोट बसलेल्याच्या पोटावर गोळा होतो आणि मागून अंगाखाली अडकतो. म्हणून पुढून आखूड, पाठ कमरेशीच थांबलेली, बाही कोपरात जरा वाकलेली. हे सगळं जुळवणारा प्रोग्राम जड होता. तो पेलेल असा मोठा कॉम्प्युटर सासरीच राहिला होता आणि तिच्या भाड्याच्या खोलीत होता एक थकलेला लॅपटॉप.

नवऱ्यानं सोय करून दिली होती. लॅपटॉपवरून तिनं घरच्या कॉम्प्युटरला सांगायचं. प्रोग्राम तिकडे चालायचा आणि त्याची खिडकी तेवढी हिच्या पडद्यावर उघडायची. रेघ इकडे, हिशेब तिकडे. माउस हलवला की रेघ थोडा दम खाऊन यायची. तेवढं थांबायची तिला सवय झाली.

पण रोज दिवेलागणीला, ती कामात रमली की, खिडकी थिजायची आणि मग नाहीशीच व्हायची. सेव्ह केलेलं राहायचं, बाकीचं पाण्यात. तासाभरानं सगळं पुन्हा जागेवर, जणू काही झालंच नाही. घरमालकाच्या नेटला तिनं मनातल्या मनात बरंच ऐकवलं. नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "मी कामावरून येतो तेव्हा चालूच असतं की."

मुदत अगदी जवळ आली, बाही अजून खांद्यात ओढत होती आणि खिडकी पुन्हा गेली. तिनं फोन लावला. त्या दिवशी नवरा रजेवर, घरातच होता.

"अगं थांब, बघतो," म्हणत तो आतल्या खोलीत गेला आणि दारातच थबकला. भिंतीवरची सगळी बटणं बंद. कॉम्प्युटर बंद, नेटचा डबा बंद. पलीकडे आई डोळे मिटून आसनावर बसलेली.

संध्याकाळचा तासभर मौन, हा सासूबाईंचा नेम घरात सगळ्यांना ठाऊक होता. बटणांचं मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यानं बटणाकडे हात नेला. आईनं डोळे उघडून नुसतं पाहिलं. त्यानं हात मागे घेतला.

"काय झालं?" फोनमधून आवाज आला.

"सापडलं," तो हळूच म्हणाला. "पण विचारता येईना. तासभर थांब."

तास झाला. सासूबाईंनी हात जोडले, उठून बटणं लावली. कॉम्प्युटर आपणहून सुरू झाला. वीज आली की त्यानं सुरू व्हावं, ही व्यवस्था मुलाचीच. म्हणून तर कोणाला पत्ता लागला नव्हता.

"अगं, मला काय माहीत?" सासूबाई फोनवर म्हणाल्या. "पडदा काळा आणि आत नुसती घुंघुं. मला वाटलं, हा बंद करायला विसरला. याचं विसरणं काही नवं आहे का?"

"पण आई, मी असताना तुम्ही बटणं बंद करत नव्हता."

"तू असताना ती घुंघुं ऐकू कुठं येत होती? तुझी शिवणाची मशीन, तुझे फोन, तुझी बडबड. आता घर इतकं गप्प झालंय की तेवढीच कानात भरते. आणि या खेपेचा नेम तुझ्यासाठीच आहे. तू कायम व्हावीस म्हणून. तासभर घरात शांतता ठेवीन, असं देवाला सांगून बसलेय."

मुलाला हसू आवरेना. "म्हणजे देवाकडे मागायचं आणि इकडे तिचंच बटण बंद करायचं."

"तू गप्प बस. तुला मौन नाही, तरी बस."

"आई, नेम मोडू नका," सून म्हणाली. "मी तेवढा वेळ उठत जाईन."

"बाही झाली का?"

"नाही."

"मग उठशील कशी? मी बघते काय करायचं ते."

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी बटणांना हात लावला नाही. आसन कॉम्प्युटरशेजारी सरकवलं आणि बसल्या. आधी त्या आवाजानं मन ठरेना. मग लक्षात आलं, आवाज एकसारखा नाही. मध्येच आतला पंखा जोरानं फिरू लागतो, मध्येच मंदावतो. आता रेघ ओढली असेल. आता थांबली, विचार करतेय. पडदा काळाच होता, पण सून शेजारी बसून काम करतेय इतकं ते स्पष्ट होतं. शांतता ठेवायची म्हणजे आपण गप्प राहायचं. दुसऱ्याचं काम गप्प करायचं असं देवानं कधी म्हटलं होतं? पंखा बराच वेळ जोरात फिरला आणि मग अगदी खाली आला. सासूबाईंनी डोळे उघडले नाहीत, पण हात जोडले.

कोट शिवून झाल्यावर मास्तरांनी तो एका माणसाला खुर्चीत बसवून घालायला लावला. हात पुढे करायला सांगितले, मागून बोटं फिरवून पाहिली. कुठं ओढ नव्हती.

"कायम झाले, आई," तिनं फोनवर सांगितलं.

"देवाची कृपा." सासूबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "म्हणजे आता तू तिकडेच."

"हो."

"मागितलं तेच मिळालं बाई," त्या हलकेच म्हणाल्या. "कारखाना तुला मोठा कॉम्प्युटर देईल ना आता?"

"देईल. कारखान्याच्या कामाला." सूनबाई म्हणाली. "पण संध्याकाळी माझं मी काही ना काही आखत असते. ते घरच्यावरच चालवीन म्हणते. चालेल ना?"

"चालव की," सासूबाई म्हणाल्या. "नाही तरी मी त्या वेळेला तिथंच बसलेली असते."