राहिलेला विषय

सुहासिनीबाईंनी खडू टेबलावर टाकला आणि कंबर धरून ओसरीवर आल्या. त्यांच्या शिकवणीतल्या सोनियाचे वडील चिमाजी मार्गासनीहून एसटी बदलत आले होते. पोरगी बी.कॉम.च्या गणितात चौथ्यांदा नापास झाली होती. बाकीचे सगळे विषय कधीच सुटले होते, हा सुटला की पदवी. या एका विषयाचा बाईंना आता वीट आला होता.

"बाई, पावणं म्हंत्यात, पोरगी पदवीधर झाली की लगेच बार उडवू. ह्या परीक्षेला तरी सुटंल का?"

"बसा जरा, बघते," म्हणत बाई वळल्या.

आत शिकवणीतल्याच मंगलचं उदाहरण अडलं होतं. सोनिया फळ्यापाशी उभी होती.

"अगं, आधी सरासरी काढ, मग वजा कर," असं म्हणत तिनं बोलता बोलता अख्खं उदाहरण सोडवलं. कुठं अडखळली नाही.

बाई दारातच थांबल्या. हिनं समजावलेल्या मुली पास होतात आणि हीच तेवढी राहते! आपण मात्र हिच्या नावानं कपाळ बडवत बसलो.

त्यांना पाहताच सोनियानं घाईघाईनं फळा पुसला.

"पेपरात काय होतं गं तुला?" बाईंनी तिला बाजूला घेऊन विचारलं.

सोनिया बोटांचा खडू ओढणीला पुसत राहिली.

"बाई, विषय सुटला की मी अडकले. मला न्हाई करायचं तितं लग्न. लई सांगितलं, आबा ऐकत न्हाईत."

बाईंना राग आला, तिचा, तिच्या बापाचा, स्वतःचासुद्धा. पण रागवायचंही त्राण उरलं नव्हतं. 'मूल ढ नसतं, मास्तर आळशी असतो,' हे त्यांचं पालुपद साऱ्या भोरला पाठ होतं.

त्या ओसरीवर आल्या. चिमाजी टोपी हातात घेऊन उठले.

"तुमच्यापासून काय लपवू, चिमाजीराव? पोरगी ढ आहे. यंदाही काही खरं नाही."

"तुमी शिकवून बी?"

"मी शिकवूनही."

आत पुन्हा खडू वाजायला लागला. कुणीतरी हळू आवाजात गणित समजावत होतं.

"कोन शिकवतंय आत?" चिमाजींनी विचारलं.

"मंगल. हुशार आहे ती."

चिमाजींनी दाराकडं कान दिला. आवाज त्यांच्या घरातलाच होता.

"व्हय, हुशार हाय खरी," ते म्हणाले. मग टोपी डोक्यावर घातली. "पावण्यांस्नी सांगतो, पोरीला गणित येत न्हाई."

आणि ते एसटी गाठायला निघाले.